आधी फ्रिजला विचारायचं

“आधी फ्रिजला विचारायचं, मग चहा,” हे दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या नोकरीच्या पहिल्या दिवशीचं ताईचं सांगणं धाकटीला आठवलं. आज त्याच दवाखान्याच्या बाकावर ताई पेशंट म्हणून डोळ्याला पट्टी बांधून बसली होती. समोरच्या बाकावरच्या एक पेशंट बाई दोघींचं बोलणं ऐकत होत्या.

“ताई, तुझा तो छोटा प्रोग्राम साहेब काढणार. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नवा रंगीत फलक आलाय.”

“रक्तपेढीच्या फ्रिजचं तापमान दिसतं त्यावर?”

“नाही. कॉम्प्युटर चालू असले की सगळं हिरवं.”

“आणि फ्रिज तापला तर?”

“तरी हिरवंगार.”

“माझा बापडा प्रोग्राम एक शब्द टाइप केला की फ्रिजच्या तापमानाचा एक आकडा देतो. नखरे नाहीत.”

“पण तो सांभाळणार कोण, असं साहेब म्हणतात.”

“तू. कबूल केलं होतंस.”

“केलं होतं.”

“मग आज विचारलंस?”

धाकटीने हातातला चहा न पिताच बाकावर ठेवला आणि ती कॉम्प्युटरच्या खोलीकडे निघाली.