कोऱ्या भिंतीवर वाचलेला तक्ता

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या तपासणीताई, आणि समोर बसलेल्या माझ्या गोळीबंधूंनो, गोळीभगिनींनो! हसू नका. एड्सच्या गोळ्या एकाच खिडकीतून घेणाऱ्यांचं आणखी काय नातं असणार?

मी शिंपी. भाषण हा काही माझा प्रांत नाही. पण अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, दोन शब्द बोला," आणि माझी जीभ मुळातच कात्रीसारखी चालते.

आपल्या दवाखान्यातला तो जुना बाक आठवतो? थेट अक्षरांच्या तक्त्यासमोर! नंबर येईपर्यंत दोन-दोन तास तोच बघत बसायचं. कोणाला पाठ नव्हता तो? मला तर शेवटच्या बारीक ओळीसकट तोंडपाठ. शिवाय नजरेची तपासणी म्हणजे आम्हाला परीक्षाच वाटायची, आणि नापास व्हायला कोणाला आवडतं?

एका वर्षी माझ्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा पन्नासच्याही खाली घसरला होता. ताई दर खेपेला म्हणायच्या, "मास्तर, थेंब घालून डोळा आतून बघू द्या." मी टाळायचो. थेंब घातले की संध्याकाळपर्यंत सुईत दोरा जात नाही ना! डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगायचे, तर म्हटलं, कापडाचे तंतू असतील. दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता. मग कशाला उगाच बाऊ करायचा?

एका सकाळी ताईंनी थेंबांचं नावच काढलं नाही. माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली, दोन मिनिटं बसवून ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचा."

समोर नुसता धूर! दोन्ही डोळे उघडे असताना त्यातला एक बुडालाय, हे मला तोवर कळलंच नव्हतं. पण कबूल कोण करतो? मी आपला धडाधड म्हणत सुटलो. एक अक्षर चुकलं नाही.

ताई पट्टी सोडून म्हणाल्या, "आता बघा."

अहो, भिंतीवर तक्ताच नव्हता! खिळा तेवढा होता. पट्टी बांधल्यावर ताईंनी तो हळूच उतरवून घेतला होता. आजही सांगताना अंगावर काटा येतो. मी फसवत होतो कोणाला?

ताईंनी मनगट धरून मला डॉक्टरीणबाईंपुढे बसवलं. आतल्या पडद्याला जंतूंची लागण होऊन डावा डोळा हातचा गेला होता. उजव्याच्या पडद्यालाही कडेने लागण झालेली. मग औषधं आली, डोळ्यात इंजेक्शनं आली, आणि हा एक टिकला. आज ताईंना दिलेली पिशवी याच डोळ्याने शिवलीय. टाका वाकडा दिसला तर दोष हाताचा, डोळ्याचा नाही. बाक आता तक्त्याकडे पाठ करून ठेवलाय. पण थेंब टाळणारे अजून आहेत, आणि ते कोण, ते मला ठाऊक आहे!

असो. सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. डाव्या हाताला बसलेल्यांकडे मी एकदाही पाहिलं नाही, तो उद्धटपणा समजू नका. त्या बाजूचं मला दिसत नाही. ताईंना ते माहीत आहे. म्हणून तर सत्काराची मधली खुर्ची सोडून त्या मघाशीच माझ्या उजवीकडे येऊन बसल्यात.