नीरमाचे दगड

ऐका. कंदील बारीक करा आधी. आणि मागं कोण खुसफुसतंय? आमच्या कबरस्तानातल्यांना "खवीस" म्हणालास ना रे मंग्या? बरं. गोष्ट संपली की तोच शब्द पुन्हा म्हणून दाखव.

पलीकडच्या गावचा बाबाजी पाष्टे. टेम्पोवाला. माणूस वाईट नव्हे हो, पण हाताला चैन नाही. खाडीकाठी कुणा शेठचा बंगला उठत होता. शेठला कुंपणाच्या गडग्यासाठी काळा, घोटीव दगड हवा. आपल्याकडं सगळा जांभा, तांबडा, भोकाभोकाचा. काळा दगड कुठं? आमच्या हबशी कबरस्तानात, कबरींच्या उशाला! त्यावर नाव नाही, गाव नाही. पाष्टेला वाटलं, बेवारस माल.

बेवारस! ऐका हं.

अंधार पडल्यावर निघाला गडी. चाफ्याच्या वाटेनं आत शिरला, उशाचे दगड उपटले, टेम्पोत भरले आणि सुटला. पहिल्याच वळणावर टेम्पो जड. चढ नाही, काही नाही, आणि टेम्पो कण्हतोय! उतरून चाकं बघितली. हवा ठीक. पुन्हा निघाला. थोडं पुढं जातो तर समोर काय? चाफा! तोच चाफा, तीच वाट. वळवला, दामटला. पुन्हा चाफा! घाम फुटला. रामरक्षा म्हणायला गेला, तर पहिल्या ओळीपुढं आठवेना.

आणि शेजारच्या सीटवरनं आवाज आला, "विडी आहे का रे?"

बघतो तर म्हातारा. काळाभोर, उंच, डोकं छपराला टेकलेलं. पाष्टेनं विडी दिली, पेटवून दिली. म्हातारा ओढतोय, ओढतोय, पण धूर काही निघेना!

"मागं बघ," म्हातारा म्हणाला.

मागं दगड कुठायत? माणसं! गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. बाप्ये, बाया, एकीच्या मांडीवर तान्हं. सगळ्यांची नजर पाष्टेवर. कुणी ओरडत नाही, कुणी दात विचकत नाही. अहो, ओरडली असती तर बरं झालं असतं! ब्रेक दाबतो, तर ब्रेक लागेना. टेम्पो खाडीच्या उताराला लागलेला, आणि खाली भरतीचं पाणी!

म्हातारा सावकाश बोलला. "एकदा असंच, न विचारता, भरून आणलं आम्हाला. गलबतात. देश सुटला, नावं सुटली. गलबत कलंडू नये म्हणून तळाला दगड घालतात ना, नीरम? तेवढे आमच्या देशचे. तेच मेलेल्याच्या उशाला ठेवले. आता तूही न विचारता भरलंस. कुठं नेतोस बाबा आम्हाला?"

अजून काटा येतो माझ्या अंगावर.

पाष्टे ढसाढसा रडला. "चुकलो, चाचा! घरी नेतो. तुमच्या घरी नेतो!" एवढं म्हटलं मात्र, ब्रेक लागला. पुढचं चाक पाण्यात!

परत गेला. पण कुठला दगड कुणाचा? कवेत घेऊन कबरीकबरीशी फिरायचा. चुकीच्या जागी दगड शिशासारखा जड, आपल्या जागी आला की हलका. उजाडताना आमचे अब्बा कबरींवर फातिहा पढायला गेले, तर दगड सगळे जाग्यावर आणि पाष्टे चाफ्याखाली, हात सोललेले. अब्बांनी दंडाला धरून उठवलं. घरी नेऊन चहा पाजला. मग त्यानंच हे सगळं सांगितलं, आणि म्हातारा कोण ते अब्बांनी ओळखलं.

कबरस्तानाचा तो जांभ्याचा गडगा बघता ना? पाष्टेनं घातलाय, पैसा न घेता. शेठची माणसं दगड न्यायला आली तेव्हा हाच आडवा उभा राहिला. "माणसं झोपलीत इथं," म्हणाला. एक दगड हलू दिला नाही.

आणि कोण झोपलंय तिथं, ठाऊक आहे? तोफा डागणारे गोलंदाज. भर तुफानात गलबत बंदराला लावणारे तांडेल. बांधून आणलेली माणसं, पोरांनो, आणि या दर्याला वाट दाखवून गेली! छाती फुगते माझी, का फुगू नये?

तर त्या वाटेला रात्री जाऊ नका. जावंच लागलं तर सलाम करा आणि रिकाम्या हातानं परत या. चाफ्याचं फूलसुद्धा उचलू नका. आणि शेजारी बसून कुणी विडी मागितली, तर द्या.

काय रे मंग्या, म्हण ना आता तो शब्द? कान पकडलेस? शहाणा आहेस. तो म्हातारा माझा पणजा होता.