कारल्याचा गुण

माह्या चहात साखर नको टाकू बापा, सवय मोडली. दर्यापूरच्या घरी बाबाच्या शुगरपायी सगळ्याईचंच गोड बंद होतं. त्याईचे पाय बधिर झाले होते. चप्पल गळून पडली तरी समजे नाही. डॉक्टर म्हणे, शुगर नाही उतरली तं पाय कापा लागन. म्हणून आई त्याईले ज्वारीची भाकर अन् कारलंच खाऊ घाले. रोज संध्याकाळी पायाशी बसून अंगठ्याले चिमटा घे अन् विचारे, “समजते का जी?”

“नाही वं.”

एक दिवस ती अशीच येऊन बसली, विचारलं. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, “हो वं, आज समजलं!”

“पाहा, कारल्याचा गुण आला,” म्हणत आईनं पदरानं डोळे पुसले.

मी समोरच होतो. तिनं अजून चिमटा घेतलाच नव्हता.