सोडून गेलेल्यांची यादी

फ्रेस्नोतल्या टायरच्या दुकानात डोरीन आपल्या गाडीची वाट बघत बसली होती. समोरच्या बाकावर एक नवराबायको जाडजूड बाड मध्ये ठेवून भांडत होते.

"कंपन्यांना माणसं पुरवायची, सिरान! नाव मोठ्या कंपनीचं, पैसे भरून शाखा आपली. मी तर आजच सही केली असती," नवरा म्हणाला.

"मग कर की."

"कागद हातात पडल्यावर चौदा दिवस थांबावंच लागतं. कायदाच आहे तसा."

"म्हणजे सरकारनेही ओळखलंय तुला. आणि मागे ही नावं कुणाची?"

"शाखा सोडून गेलेल्यांची. ती छापावीच लागतात."

"तीन पानं?"

"लोकांना धीर नसतो गं."

"तुला भारी आहे! ही बघ, आपल्या फ्रेस्नोचीच बाई. नंबरही दिलाय. लाव फोन."

"लावतो. तुझं तोंड तरी बंद होईल."

डोरीनच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने तो कानाला लावला.

"बाई, तुम्ही शाखा का सोडलीत, एवढंच विचारायचं होतं."

"ते कुणालाही सांगणार नाही, असं कंपनीने माझ्याकडून लिहून घेतलंय," डोरीन त्याच्याकडे बघत म्हणाली. "जरा तुमच्या बायकोकडे द्या फोन."