कूलरखालचा माग

आदरणीय अध्यक्ष गोपाळराव चौधरी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉ. प्रेमिला भोयर, त्यांचे कुटुंबीय, महाल वस्तीतून वेळेआधी येऊन पुढच्या खुर्च्या धरणाऱ्या भगिनी आणि मित्रहो,

ताजी बातमी आधी सांगतो, कारण ती आज सकाळचीच आहे. तुळजाबाई सोनकुसरे यांच्या खुब्याच्या हाडाची घनता तीन वर्षांत घटलेली नाही. उलट थोडी वाढली आहे. आमच्या तपासणी विभागप्रमुख डॉ. हर्षा ढोबळे यांनी अहवाल दोनदा पाहून याला दुजोरा दिला आहे. माझ्यावर विश्वास नसेल त्यांनी चहाच्या वेळी त्यांना गाठावे.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त होत आहेत डॉ. भोयर आणि हा अभियंता कोणाच्या खुब्याचे कौतुक करतो आहे? पण इतकी वर्षे मॅडमसोबत यंत्रे सांभाळल्यावर मला एवढे कळले आहे की, त्यांचा सत्कार याच मार्गाने करावा लागतो. शालीपेक्षा अहवाल त्यांना जास्त ऊब देतो.

मॅडम नेहमी सांगतात की हाड म्हणजे मांडवाचा बांबू नव्हे, एकदा रोवला आणि झाले. ते जिवंत असते. भार पडला की स्वतःला भरते, भार थांबला की हात आखडते. हे वयस्कर माणसांत कुठवर खरे ठरते, हे पाहण्यासाठी त्यांनी महालातल्या विणकर घरांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. चालता-वाकताना शरीराला बसणारे हादरे मोजणारे, काडेपेटीएवढे यंत्र प्रत्येकीच्या कमरेला बांधायला दिले. त्यावर हिरवा दिवा लुकलुकत असे.

तुळजाबाईंच्या यंत्रातला आलेख पाहून आम्ही थक्क झालो. सत्तरीच्या बाईला पैलवानासारखे हादरे! आमच्यातल्या उत्साही मंडळींनी कोणत्या परिषदेत निबंध वाचायचा हेही ठरवून टाकले. मॅडम मात्र म्हणाल्या, आधी महालात जाऊन येते. मीही सोबत गेलो.

विचारल्यावर तुळजाबाईंनी शांतपणे सांगितले की तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या बैलांच्या सणाला, नातीचा लाकडी बैल सजवायचा होता. गल्लीतल्या सगळ्या बैलांना झुली होत्या, मोरपिसे होती. दिवा कोणाकडेच नव्हता. "माह्या कमरेले कोण पाहून राहिलं बाई? म्हून बैलाच्या कपाळावर बांधलं. पहिला नंबर आला."

मॅडमनी विचारले, "पण मी सांगितलं होतं ना, यंत्र काढायचं नाही म्हणून?"

"तुम्ही आंघोळीच्या टायमाले काढा म्हटलं होतं. बैलाले लावू नका, असं कुठं म्हटलं?"

म्हणजे गल्लीतल्या खडीवरून चाकांवर ओढलेल्या बैलाची हाडे आम्ही अभ्यासत होतो. मॅडम तिथेच ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. निबंध गेला, पण त्या ओट्यावरूनच त्यांना आतली खोली दिसली.

खोलीत हातमागाचा सांगाडा भिंतीला टेकवून ठेवला होता. विणणारीने पाय सोडून बसायचा खड्डा फळ्यांनी बंद केला होता आणि फळ्यांवर, उन्हाळा संपूनही, भलामोठा कूलर उभा होता. वर्षभरापूर्वी घरातच घसरून तुळजाबाईंचे मनगट मोडले, तेव्हा त्यांनी पुन्हा खड्ड्यात उतरू नये म्हणून त्यांच्या मुलाने, भूपेश यांनी ही व्यवस्था केली होती.

तुळजाबाई आमच्यासमोरच मुलाला म्हणाल्या, "मी काय लोणचं आहो का रे, झाकून ठेवाले?"

भूपेश मॅडमकडे वळून एवढेच म्हणाले, "मनगट हातात धरून मीच दवाखान्यात आणलं होतं मॅडम. आता खुबा नाही आणाचा."

सांगा, यातले कोण चुकीचे होते? मॅडमनी कोणाचीच बाजू घेतली नाही. हाड भरू दे, मग बोलू, असे ठरले. हाड भरले असे डॉक्टरांनी म्हटले तर कूलर मी स्वतः उचलीन, असे भूपेश यांनी कबूल केले.

तिथून महालातल्याच एका माडीवर आमचा टाचा आपटण्याचा वर्ग सुरू झाला. हाताने आधार धरायचा, टाचा उचलायच्या आणि दणकन सोडायच्या. खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या सरांनी भूकंपाची तक्रार केली. पुढे त्यांच्या मातोश्रीच वर्गाला येऊ लागल्या, तेव्हा तक्रार मागे घेतली. औषधे आणि आहारही सोबत होताच. सगळे श्रेय टाचांना दिले तर मॅडम इथेच मला थांबवतील. एका बाईच्या अहवालाने सिद्धांत ठरत नाही, हेही त्यांचेच शिकवणे. आणि तपासणीशिवाय आज सभागृहात कोणी प्रयोग करू नये, ही विनंती.

अहवाल हातात आल्यावर मॅडमनी आज पहिला फोन भूपेश यांना केला. त्यांनी विचारले, "मॅडम, फळ्या काढल्यावर उतराले पायरी करून देऊ का?" मॅडम म्हणाल्या, "पायरी करा, आणि धरायला दांडाही लावा."

आयोजकांचे, आणि आमच्या यंत्रांना बैलासह निभावून घेणाऱ्या सर्व कुटुंबांचे मनःपूर्वक आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राहून गेला असेल तर तो माझा विसराळूपणा समजून पोटात घालावा. मॅडम, तुम्हाला उद्यापासून कार्यालय नाही. पण सोमवारी सकाळी महालात हजर राहायचे आहे. सुतार शनिवारी दांडा बसवून जाणार आहे. कूलर भूपेश उचलतील. तुळजाबाईंनी निरोप पाठवला आहे की, मागाच्या खड्ड्यात उतरताना हात कोणी धरायचा नाही. तुम्ही फक्त समोर उभे राहायचे.