यशू म्हणजे येस नव्हे

...नाही, तुम्ही मला एकदा सांगाच, ऑलराउंडर म्हणजे नेमकं काय? कारण लग्न झाल्यापासून मी हेच विचारतोय आणि ज्याला विचारावं तो हसून विषय बदलतो. बॅट्समन म्हणजे बॅटिंग करणारी, बोलर म्हणजे बोलिंग करणारी, इथपर्यंत कुणाचा घोळ नाही. पण ऑलराउंडर म्हटलं की जो तो आपलं ओझं उचलतो आणि आणून ठेवतो हिच्या डोक्यावर. हिच्या म्हणजे माझ्या बायकोच्या. मी आपला चष्मेवाला, कोपऱ्यावर दुकान आहे माझं, क्रिकेटमधलं जे काही कळतं ते सगळं लग्नानंतरचं. पण तुम्हाला सांगतो, या एका शब्दानं त्या बाईचं आयुष्य खाल्लं. ओपनरच्या बोटाला लागलं? हिला पाठवा. बोलरचा दम संपला? हिला द्या. बसमध्ये सामान चढवायला कुणी नाही? ऑलराउंडर आहे ना ती!

आणि सुरुवात कशी झाली माहितीये? शाळा सुटून नुकती कॉलेजात गेलेली, निवड चाचणीला गेली ती बोलर म्हणून. साधी सरळ बोलर, हातात चेंडू, डोक्यात दुसरं काही नाही. तिथे एका बॅट्समनच्या पोटात दुखायला लागलं, तर तिथला कोच म्हणाला, "ए उंच, पॅड बांध." झालं. हिनं पॅड बांधले, दोन-चार बरे फटके मारले आणि तिथून जी फरफट सुरू झाली ती आजतागायत. बॅटिंगवाल्या म्हणतात ती बोलर आहे, बोलिंगवाल्या म्हणतात तिचं काय, तिला बॅटिंग येते. खेळायला जाते ती सातव्या नंबरवर, म्हणजे एकतर सगळ्या बाद होऊन बसलेल्या असतात नाहीतर चेंडूच उरलेले नसतात. आणि बोलिंग मिळते कधी? समोरच्या पोरी बाकीच्यांना झोडून झोडून हात मोकळे करून बसल्या की. शंभर धावा केल्या तर म्हणे विकेट कुठायत, विकेट काढल्या तर म्हणे आज बॅट चालली नाही वाटतं. अरे, एका सामन्यात किती जणींचं काम करायचं एका बाईनं?

घरी तरी सुटका आहे का? माझी मावशी पहिल्यांदा घरी आली, तिनं हिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ऑलराउंडर म्हणजे रे, सगळीकडे राउंड मारत असते का ही?" मी म्हटलं, मावशी, पेपरवाले त्याला अष्टपैलू म्हणतात. तर म्हणते, "मग बघू, आठवा पैलू स्वयंपाकाचा असेल." ही ऐकत होती दारात. तशीच मोजे काढत राहिली. त्या मोज्यात चेंडू घालून तो वरून टांगायचा आणि पॅसेजमध्ये बॅटिंग करायची, ही आमच्या घरातली रोजची आरती. तो चेंडू कपाटाच्या आरशाला लागला तर काच कोण गोळा करणार? मी. का? तर काचेचा धंदा आहे ना तुझा.

बरं, हे सगळं परवडलं. पण तिचं नाव... इथे जरा लक्ष द्या. माझ्या सासूबाईंनी मोठ्या हौसेनं मुलीचं नाव यशोदा ठेवलं आणि दुसऱ्याच दिवसापासून यशू म्हणायला लागल्या. आता क्रिकेटमध्ये दोघी पळतात तेव्हा एकच भाषा असते, येस म्हणजे पळ, नो म्हणजे थांब. आता "यशू" मोठ्यानं म्हणून बघा. पहिलं काय ऐकू येतं? तिच्या पहिल्याच हंगामात कुणीतरी ड्रेसिंग रूममधून हाक मारली, "यशू, पाणी हवंय?" आणि पलीकडची कॅप्टन जी सुटली ती अर्ध्या वाटेत धावचीत. कॅप्टन डोक्यावर टॉवेल घेऊन बसली आणि टॉवेलच्या आतून म्हणाली, "आजपासून या पोरीला मैदानात नावानं हाक मारायची नाही." तेव्हापासून सगळ्या तिला ताई म्हणतात. वयानं मोठ्यासुद्धा. पंचही म्हणतात.

आता मूळ गोष्टीवर येतो. या हंगामात तिचा गुडघा गेला. गेला म्हणजे पूर्ण नाही, पण जिना उतरताना त्यातून असा आवाज यायचा की खालच्या मजल्यावरचे दार उघडून बघायचे. हाडाचे डॉक्टर म्हणाले, "पळा, पण सूर मारू नका. एक सूर मारलात की मग मला बोलवू नका, सुताराला बोलवा." आणि नेमकं याच वर्षी संघाच्या मॅनेजरनं जाहीर केलं की पुढच्या हंगामाचे करार कमी करणार, ऑलराउंडर एकच ठेवणार. एकच! आणि आमच्या संघात ऑलराउंडर दोन. एक ही, आणि दुसरी तोफ. तोफ म्हणजे एक विशीतली पोर, सीमारेषेवरून असा थ्रो करते की कीपर हात झटकत बसते, म्हणून तोफ. गुणी पोर आहे हो, हिलाच बघून शिकली, "ताई, ताई" करत मागे असते. म्हणून तर वाईट. दुष्ट असती तर मी मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या.

करार गेला तर काय, असं तुम्ही म्हणाल. अहो, त्या बाईला दुसरं काही येत नाही आणि नकोही आहे. पहाटे उठून बूट घालते तेव्हा तिचा चेहरा बघा, मग कळेल. शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बॅटला टेप लावता लावता मला म्हणाली, "उद्या चांगलं झालं तर अजून एक वर्ष. एवढंच पाहिजे मला." मी म्हटलं, सूर नाही मारायचा. ती म्हणाली, "नाही रे." मी म्हटलं, शप्पथ घे. तर म्हणते, "टेप दे."

सामना हंगामातला शेवटचा. आणि आमच्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात मुलीचा एक सामना डोळ्यांनी पाहिला नाही, भीती वाटते म्हणून फोन उशीखाली घालून बसायच्या, त्या म्हणाल्या, "जावईबापू, शेवटचा असला तर? मी येते." आता सासूबाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या निवृत्त बाई. आवाज असा की एकदा 'हाताची घडी' म्हटलं तर रस्त्यावरचे लोकही हाताची घडी घालतील. मी बजावलं, आई, काहीही होवो, तोंडातून नाव काढायचं नाही. त्या म्हणाल्या, "मला काय कळत नाही का?" आणि पदराचा बोळा करून तोंडाशी धरून बसल्या. मैदान छोटं, बघायला मोजकी डोकी, कुणी शिंकलं तरी खेळपट्टीवर ऐकू जाईल अशी शांतता.

शेवटची ओव्हर, शेवटचा चेंडू, जिंकायला एक धाव. धाव नाही झाली तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर धावांच्या सरासरीत आम्ही घरी. बॅटिंगला ही, समोरच्या टोकाला तोफ. म्हणजे बघा, एका कराराच्या दोन दावेदार, एकाच खेळपट्टीच्या दोन टोकांना. माझ्या तळहाताला असा घाम सुटला होता की मी तो तीनदा चष्म्याच्या कापडाला पुसला. बोलरनं टाकला, हिनं बॅट फिरवली, चेंडू कड घेऊन जवळच उभ्या फिल्डरकडे घरंगळत गेला. पळण्यासारखं काही नव्हतंच. ही ओरडली, "नो!" तोफ दोन पावलं निघालेली, थांबली. तेवढ्यात फिल्डरच्या हातून चेंडू निसटला, आणि माझ्या शेजारून, तुम्हाला सांगतो, पदराच्या बोळ्यातून सुटल्यासारखी हाक आली... "यशूऽऽऽ!"

संपलं. तोफनं मान खाली घातली आणि जी सुटली ती थेट हिच्या टोकाला. दोघी एकाच टोकाला. समोरचं टोक रिकामं. नियम सरळ आहे हो, हिनं फक्त आपली बॅट आपल्या रेषेच्या आत ठेवायची आणि उभं राहायचं. मग बाद कोण? नंतर आलेली ती, म्हणजे तोफ. चूक तोफची, नाबाद राहणार ही, आणि मॅनेजर वर काचेमागे बसून सगळं बघतोय. सामना बरोबरीत जाईल, जाऊ दे, पण करार हिचा! मी मनातल्या मनात ओरडत होतो, उभी राहा, बाई, एकदाच काही न करता उभी राहा. फिल्डरलाही तेच वाटलं असणार, कारण चेंडू उचलून ती चक्क हसली. घाई कशाला, दोघी एकीकडेच तर आहेत.

आणि ही पळाली. त्या गुडघ्यावर! फिल्डरची तारांबळ, थ्रो गेला वाकडा, बोलरनं लांब होऊन तो कसाबसा घेतला, इकडे ही अजून रेषेपासून लांब, आणि मला कळलं की आता ही काय करणार. सासूबाईंनी डोळे मिटले. मीही मिटायला हवे होते. हिनं सूर मारला. बेल्स उडाल्या, धूळ उडाली, आणि सगळं मैदान पंचांकडे बघायला लागलं. कॅमेरे वगैरे काही नाहीत तिथे, जे काय ते पंचबाईंच्या डोळ्यांवर. आणि पंचबाईंचा चष्मा माझ्याच दुकानातला! मी उभ्या उभ्या त्यांचा नंबर आठवत होतो. उजवा बरोबर दिला होता, डावा... डाव्याची खात्री वाटेना. पंचबाई वाकल्या, चष्मा वर सरकवला, बराच वेळ रेषेकडे बघितलं आणि नाही अशी मान हलवली. नाबाद. जिंकलो.

पोरी नाचत आल्या. ही उठलीच नाही.

दवाखान्यात ती पलंगावर पडलेली असतानाच मी तिला फाडफाड बोललो. जनाची नाही, मनाची नाही, सासूबाईंचीही नाही. उभी राहिली असतीस तर करार तुझा होता, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ती पोर चुकली, तिचं तिनं निस्तरायचं, तुझ्या बापाचं काय जात होतं? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती चुकली नाही रे. ती माझ्या नावावर पळाली." सासूबाई पाठमोऱ्या होऊन रिकामाच तांब्या विसळत राहिल्या. माझ्याही चष्म्यावर वाफ आली, आणि खोलीत वाफ यायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर फुलं घेऊन आला. म्हणाला, "ताई, काल सामना तुम्ही जिंकून दिलात, करार तुमचाच, गुडघा कधी बरा होतोय?" एखादी म्हणाली असती होईल लवकर, बघू, घ्या सही. ही म्हणाली, "होणार नाही. तोफला घ्या." मी खुर्चीतून अर्धा उठलो, तर हिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी अर्धाच बसलो. मॅनेजर म्हणाला, "घेतो. पण तिला पळायला कोण शिकवणार? कुणी हाक मारली तरी सुटते ती." आणि मग तो थांबला. हिच्याकडे बघायला लागला. मी तेव्हाच ओळखलं, तोंड उघडायच्या आधी. "तुम्हीच का नाही शिकवत, ताई? बॅटिंगचंही बघा, बोलिंगचंही बघा... तुम्ही काय, ऑलराउंडर आहात ना!"

आता तुम्हीच बघा काय दशा आहे. जिला बाथरूमपर्यंत जायला माझा खांदा लागतो, ती बाई खुर्चीत बसून अख्ख्या संघाला पळायला शिकवते. आणि पोरी शिकतायत हो, त्याचंच नवल. तोफ तर आता समोरचीच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय पाऊल उचलत नाही. सकाळी हिला उचलून मैदानात कोण नेतं? मी. खुर्ची उन्हातून सावलीत कोण सरकवतं? मी. लांब गेलेले चेंडू कोण आणतं? दुकान बंद ठेवून, मीच. परवा म्हटलं, अगं, माझंही वय झालं, मला यातून कधी मोकळं करणार? तर वर न बघता म्हणाली, "तुझा करार कुठे दरवर्षीचा आहे?"