मासा बाहेर येत नाही

—नाही, नाही, तू बस, उठायचं काम नाही. तुझं हे गेमचं मशीन मी उघडून ठेवलंय, असं आतडी बाहेर आलेलं घरी घेऊन जाणार का? बस. अंगठ्यानं फिरवायची ती स्टिक बदलली, आता एवढी वायरीची पट्टी आत सरकवली की झालं. ही बघ, ही पातळशी, कागदासारखी — ही त्या समोरच्या फटीत गेली पाहिजे. जात नाहीये. पूर्वी या पट्ट्या सटकन जायच्या, हल्ली कंपनीवाल्यांनी फटी लहान केल्यात, कंजूष मेले. दिवा जरा इकडे कर. अजून. हां, बास. — आणि तो मोबाईल उभा करून ठेवलायस तो कशाला? चालू आहे? असू दे, असू दे, मी काय चोरी केली आहे का? सून बोललीच होती, आज एक व्हिडिओवाला येणार आहे, त्या नव्या डबड्याबद्दल गिऱ्हाइकं काय म्हणतात ते विचारायला. मला म्हणाली, बाबा, मी कुरियरला पार्सल देऊन येते, तोवर त्याला पाणी द्या आणि पडद्यामागे बसा, काही बोलू नका. पाणी दिलं ना? सांडलं थोडं, ते ग्लासच हल्ली तसले मिळतात, पण दिलं ना? मग माझं काम संपलं. आता मी बोलणार. गिऱ्हाइकांचं काय विचारायचंय ते मला विचार, ती बिचारी दिवसभर बिलं करत असते, ती कुठे बघते कुणाकडे? तोंडं मी बघतो. पडद्याला भोक आहे.

तर ते डबडं. पडदा सारून बघ, ते काउंटरवर बांधून ठेवलंय तेच — बांधून म्हणजे काय, पहिल्याच दिवशी माझ्या हातून खाली पडलं, काउंटरच्या कडेवर ठेवायला गेलो आणि कडच नव्हती तिथे, तेव्हापासून सूनबाईंनी दोरी लावली. प्लॅस्टिकचा खोका, आत दोन भिंगं. पुढून आपलं हातातलं गेमचं मशीन सरकवायचं, मागून डोळे लावायचे, झालं तुमचं व्हीआर, म्हणजे चित्राच्या आत शिरल्यासारखं वाटतं म्हणे. महागवालं डोक्याला बांधतात, हे हातात धरायचं, पट्टा नाही. स्वस्त आहे म्हणून. आणि इथूनच पहिली बोंब. पट्टा नाही! अरे, पट्टा नाही! एक दाढीवाला येतो आमच्याकडे, अंगानं पहिलवान, तो म्हणतो, काका, हे पाच मिनिटं धरलं की माझे दंड भरून येतात. आणि हाच गडी इथे त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर मशीन हातात धरून सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत बसलेला मी पाहिलाय. जेवायला उठला नाही. तेव्हा दंड कुठे गेले होते? मी विचारलं त्याला तोंडावर. म्हणाला, तेव्हा हात खाली असतात. घ्या!

दुसरा एक आहे, त्याला मी पंडित म्हणतो. त्याला सगळं ठाऊक. डबडं बाजारात यायच्या आधी सहा महिने तो त्याला शिव्या घालत होता. चित्र दाणेदार दिसणार, मान फिरवली की मागे पडणार, नाकाला टोचणार — अरे बाबा, आधी नाक तर लाव! तर नाही. ज्या दिवशी माल आला त्या दिवशी रांगेत सगळ्यात पुढे कोण? पंडित. रांगेत उभ्या उभ्या मोबाईलवर लिहीत होता, अजिबात घेऊ नका, पैसे वाया. लिहून झालं, मोबाईल खिशात टाकला, आणि घेतलं. वर सूनबाईंना विचारतो, रंग फक्त काळाच आहे का? आणखी एक आहे, गोरासा, इस्त्रीच्या शर्टातला, त्यानं दोन घेतली. म्हटलं, एक बायकोला का? तर नाही, एक सील न फोडता कपाटात ठेवायला. आणि दुसरं? दुसरं पण. पहिल्याला काही झालं तर असावं म्हणून. मग वापरणार काय, माझं डोकं? — हसतोस काय, तुझ्या कपाटात पण असतील तसली. दिसतं तोंडावरून.

आणि मजा काय माहिती आहे का — दिवा हलवू नकोस रे, तिथेच राहू दे — मजा ही की यातला एकही जण सरळ उचलून डोळ्याला लावत नाही. आधी मोबाईल काढायचा. कुणीतरी दुसऱ्यानं लावलं होतं, त्याला कसं वाटलं ते बघायचं. तो किंचाळला असेल तर हा किंचाळणार, त्याला चक्कर आली असेल तर हा आधीच काउंटर धरून उभा. दोघं मित्र आले परवा, एकानं डबडं डोळ्याला लावलं, दुसरा मोबाईलवर वाचून सांगतोय, आता तुला मळमळलं पाहिजे. आणि त्याला मळमळलं! इथे, त्या पायपुसण्याजवळ. मी पाणी नेऊन दिलं. म्हटलं, अरे, त्यात आणखी काय काय व्हायचं लिहिलंय ते आत्ताच सांगून टाक, बादली आणून ठेवतो.

पण कळस तो मासा. डबड्यात समुद्र दाखवतात ना, निळं निळं पाणी, बुडबुडे, आणि मग तो भला मोठा मासा येतो. प्रत्येक जण, न चुकता, प्रत्येक जण तो मासा आला की डोकं मागे घेतो. एका बाईनं तर असा हात झाडला की त्या रॅकवरचे सगळे खोके खाली. अंगावर आला, म्हणे! नाकापर्यंत आला! शाळेतल्या बाई आहेत त्या, शिकलेल्या, पोरासाठी घ्यायला आल्या होत्या. तिथे मला राहवलं नाही. पडदा सारून बाहेर आलो, म्हटलं, बाई, हे नाटक बंद करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, मी स्वतः पाहिलंय, एकदा नाही, रोज सकाळी दुकान उघडलं की पाहतो. मासा येतो, मोठा होतो, जातो. बाहेर बिहेर काही येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातला मासा जेवढा बाहेर येतो तेवढाच येतो. सपाट. ताटासारखा सपाट! तुम्ही मोबाईलवर पाहून आलात, कुणीतरी दचकलं म्हणून तुम्ही दचकलात. बाई न घेता गेल्या. रात्री सूनबाईंनी मला — ते जाऊ दे. पण खोटं काय बोललो? तूच सांग. या सगळ्या गेमवाल्यांमध्ये एक माणूस निघाला नाही जो म्हणेल की काका, तुमचं बरोबर आहे, सपाट दिसतं. पट्टा नाही म्हणून रडतील, नाकाला टोचतं म्हणून रडतील, दाणे दिसतात म्हणून कंपनीच्या सात पिढ्या काढतील — पण मुख्य गोष्ट, आत खोली बिली काही नाही, शुद्ध फसवणूक आहे, हे बोलायची कुणाची छाती नाही. का? तर सगळ्या जगाला दिसतंय, मग मला दिसत नाही असं कसं म्हणू! मी म्हणतो. मला लाज नाही. घे तुझ्या व्हिडिओत, माझ्या तोंडासकट घे.

चिमटा घसरला बघ. बोलण्याच्या नादात. ही पट्टी फटीच्या वरून जातेय की खालून तेच समजू देत नाही, हरामखोर. — नाही, वाकली नाही, घाबरू नकोस. चाळीस वर्षं मी घड्याळं उघडली, बायकांच्या मनगटावरची, तांदळाएवढे स्क्रू त्यात, डोळ्यांत तेल घालून काम केलं, एक स्क्रू हरवला नाही. ही मशीनं आली तेव्हा सूनबाईंनी एकदा दाखवलं आणि मी लागलो कामाला. हे टेबल माझं आहे. दुकान तिचं, गिऱ्हाइकं तिची, पण पडद्यामागचं एवढं टेबल माझं. आता हल्ली दोन-चार मशीनं परत आली, तो काही माझा दोष नाही, एका गाढवानं तर मशीन पाण्यात पाडलं असेल आणि माझ्या नावावर खपवतोय. पण सूनबाईंच्या डोक्यात शिरलं. म्हणते कशी, बाबा, आता दुरुस्तीला एखादा मुलगा ठेवू या, तुम्ही घरी आराम करा. आराम! घरी काय आहे ठाऊक आहे का? घरी आमची ही आहे आणि तिची बहीण फोनवर आहे. सकाळी फोन लागतो तो दिवे लागले तरी चालूच, आणि मला मध्ये बसवून विचारतात, अहो, त्या अमक्याच्या लग्नात तमकी कुठल्या साडीत होती. त्यापेक्षा मला सरळ पेटीत घालून खिळे ठोका. हे टेबल गेलं की मी गेलो, सांगून ठेवतो. म्हणून तर म्हटलं, ती यायच्या आत तुझं मशीन करून हातात देतो. दणदणीत चालेल. मग तूच सांग तिला, बाबांनी केलं म्हणून. सांगशील ना?

काय? जिना? त्याचं कुणी सांगितलं तुला? — हां, मघाशी तुला आत घेताना दाराबाहेर मी अडखळलो ते. ती पायरी गवंड्यानं चुकीची बांधलीय. शेवटची. आहे असं वाटतं आणि नसते, किंवा नसते असं वाटतं आणि असते. इतकी वर्षं नीट होती, आता खचली असणार. आणि चहा कपाबाहेर पडतो तो किटलीच्या तोंडाचा दोष आहे, ते तर मी सगळ्यांना दाखवून दिलंय. तू काय एकेक विचारतोयस पोलिसासारखा? माशाबद्दल बोलत होतो ना आपण?

म्हणजे? दोन भिंगं कशाला ते मला काय माहीत, दोन डोळे असतात म्हणून दोन भिंगं. दोन चित्रं? एकात जरा इकडून, दुसऱ्यात जरा तिकडून... बरं, मग? दोन्ही डोळ्यांना दिसली तरच ती एक होतात आणि मासा बाहेर येतो, असं म्हणतोस. आणि एकालाच दिसलं तर सपाट. — ते तू मला का सांगतोस? मला दोन डोळे आहेत. मोज. तू काय डोळ्यांचा डॉक्टर आहेस का? परवापर्यंत आयांच्या पदराला लोंबकळणारी पोरं... आमच्या शेजारच्या शिंप्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, सगळं लख्ख दिसायला लागलं म्हणे, आणि त्या दिवसापासून तो बायकोशी भांडतोय, घर किती घाण आहे म्हणून. मला नको असलं लख्ख. मी पेपर वाचतो, चष्मा लावून वाचतो, पण वाचतो.

बरं, झाकतो. तुझ्या समाधानासाठी. हा डावा झाकला. दिसतंय, सगळं दिसतंय, तुझ्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय तेही दिसतंय. झालं? आता उजवा. हा झाकला उज—

धूर कसला झालाय? अरे, धूर झालाय बघ, सोल्डरिंग चालू राहिलं का माझं? काहीतरी जळतंय, त्याचं बटण बंद कर आधी, टेबलावर उजवीकडे आहे! — बंद आहे? नीट बघ. प्लग काढलेला आहे? मग हा... सगळीकडे पांढरं पांढरं, तू कुठे गेलास? हललास का? तुझा आवाज तर इथूनच येतोय.

थांब. हात काढतो.

हं.

पुन्हा उजवा झाकतो. पुन्हा पांढरं.

...

वास पण नाही धुराचा. खरं आहे. वास आला असता.

तो मोबाईल बंद कर. बंद कर आधी, मग बोलतो. आणि हे काप. दाढीवाला ठेव, पंडित ठेव, दोन खोकेवाला ठेव, त्याला खुशाल दाखव. धुराचं काप. आणि ते — बाईंना मी नाटक करताय म्हटलं ते पण काप. त्या पोराला काहीतरी नेऊन देणार होत्या बिचाऱ्या. खरंच आला असेल त्यांच्या नाकापर्यंत. किती जवळ येतो रे तो मासा? म्हणजे हात लावावासा वाटतो इतका? — असू दे, सांगू नकोस.

स्कूटर थांबली बाहेर. सूनबाई. आता ऐक, चिमटा मी खाली ठेवलाय. तुझ्या मशीनला मी आता हात लावणार नाही. ते असंच राहू दे इथे, मी वर फडकं टाकतो, धूळ नको जायला. उद्या-परवा ये, होऊन मिळेल. मी नाही करणार, पण होऊन मिळेल, नीट होईल. — नाही, तू काही बोलू नकोस तिच्याशी. मी काय बोलायचं ते मी बघेन. तू नमस्कार कर आणि सरळ चालायला लाग, पाय उचल, आणि ती शेवटची पायरी आहे तशीच आहे, तुला काही होणार नाही. निघ.

आता थांबलास कशाला? दिवा? नको, फिरवू नकोस, राहू दे तिथेच. दिव्यानं काही होत नाही.